बारीक केलेला आवाज

भुलीतून जागा होणारा माणूस पहिल्यांदा काय बोलतो, त्याच्या गमतीजमती लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं. गमती आहेत. एक-दोन सांगतेही. पण त्या सांगून झाल्यावर जे उरतं ते लिहायचं की नाही, यावर बरेच दिवस अडले होते. आता बसलेच आहे तर सगळं लिहिते. नको असेल ते त्यांनी गाळावं. मात्र गाळायचंच झालं तर गमती गाळाव्यात.

मी परिचारिका. पुणे-नाशिक रस्त्याला कळंबच्या अल्याड-पल्याड जी लहान-मोठी ऑपरेशनची हॉस्पिटलं आहेत, त्यांतल्या एकात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. आपल्याकडे भूल देणं हे डॉक्टरचं काम, परिचारिकेचं नव्हे. पण आमच्या भागात भूल देणारे डॉक्टर मोजके. ते एका जागी नसतात. गाडीत औषधांची पेटी टाकून सकाळी मंचरला, दुपारी आमच्याकडे, संध्याकाळी ओतूरला असे फिरतात. पेशंटला भूल देतात, ऑपरेशन संपेपर्यंत उशाशी बसतात, माणूस शुद्धीवर आला, डोळे उघडून नाव सांगायला लागला की पुढच्या गावाला निघतात. त्यानंतर तो माणूस पूर्ण भानावर येईपर्यंत त्याच्याजवळ जी बसते ती मी. लोक मला भुलीच्या बाई म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

काम काय, तर बघत बसणं. भूल उतरताना माणूस मधूनच पुन्हा गाढ जातो. जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट अडते. अशा वेळी काही मोठं करायचं नसतं. हनुवटी दोन बोटांनी वर उचलायची, मान जरा मागे, बस्स. वाट मोकळी होते. पण ती उचलायला कुणीतरी तिथं पाहिजे. या एका वाक्यात माझी सगळी विद्या आली.

ऑपरेशनच्या आधीचंही थोडं काम असे. दात हलतोय का, काही खाल्लं-प्यायलं का, हे विचारायचं. बायकांना मी मोरीकडे नेऊन विचारायची. कारण खाल्लं का म्हटलं की बाई नाही म्हणणार, आणि गालात मिश्री दाबलेली असणार. मिश्री म्हणजे काही खाणं नव्हे ना. सासूसमोर ती कबूल करत नाही. मोरीपाशी, नळ सोडून, हळूच म्हटलं की "बये, चूळ भर आणि काय असंल ते थुंक, मी काय सांगत न्हाई कुणाला," की मग थुंकायची. भूलवाले डॉक्टर म्हणायचे, हे आमच्या पुस्तकात नाही. मी कुणाला सांगत नाही, हाच माझा लौकिक होता. पुढे त्यानंच घात केला.

आता मॉनिटरविषयी. पेशंटच्या बोटाला एक चिमटा लावतात. त्यानं रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी पडद्यावर दिसते. आकडा खाली गेला की यंत्र ओरडतं. पण बोट गार पडलं, मेंदी दाट असली, पेशंटनं हात हलवून चिमटा पाडला, तरीही ओरडतं. दिवसातून कितीदा तरी. आणि आमच्या रिकव्हरीच्या खोलीला, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंट ठेवतात त्या खोलीला, साधं फळीचं दार. बाहेर बाकावर नातेवाईक.

एकदा एका धनगर म्हाताऱ्याचं हार्नियाचं ऑपरेशन झालं होतं. चार मुलगे मेंढरं गड्यांच्या हवाली करून आलेले. चिमटा निसटला, यंत्र कोकलायला लागलं, तशी बाहेरची सगळी माणसं वहाणांसकट आत. थोरल्यानं आमच्या सर्जनसरांना खांद्याला धरलं आणि म्हणाला, "आमचा म्हातारा गेला का?" म्हातारा त्या गलक्यानं जागा झाला आणि घाबरून विचारतो, "कोण गेलं रं?"

सगळे हसले, सर हसले नाहीत. ते गेल्यावर मला म्हणाले, बाई, ते कोकलणं जरा बारीक ठेवत जा. मी बारीक केलं. पुढे पुढे पार बंदच ठेवायला लागले. मला यंत्राची गरज नाही, असं मला मनापासून वाटत होतं. माझे डोळे होते, कान होते. नव्या मुलींनाही मी तेच शिकवलं, की आपण डोळे उघडे ठेवले की झालं.

अशात पुण्याहून ईशा नावाची एक तरुण डॉक्टर आली. भूलशास्त्राचं पुढचं शिक्षण घेत होती. आमचे भूलवाले डॉक्टर तिच्या कॉलेजात शिकवायला जात, त्यांनी तिला आमच्याकडे पाठवलं होतं. तिच्या संशोधनाचा विषय असा, की ऑपरेशननंतर हे यंत्र जेव्हा जेव्हा वाजतं तेव्हा खरंच धोका असतो का, आणि नसेल तर ते का वाजतं. प्रत्येक पेशंटला आधी समजावून ती परवानगी घ्यायची. लहान हॉस्पिटलांत असं कुणी तपासत नाही, सगळं मोठ्या दवाखान्यांवरच लिहिलं जातं, म्हणून ती मुद्दाम इकडे आली होती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, आवाज बंद का? मी म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. ती हसली, पण म्हणाली, माझा अभ्यास संपेपर्यंत चालू ठेवायचा.

ठेवला. ती स्टुलावर बसायची आणि मी खुर्चीत. यंत्र वाजलं की मी न बघता म्हणायची, "खोटा." ती उठून बघायची, खोटाच असायचा.

बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करणारा एक गडी आला होता, अपेंडिक्सचा. भूल उतरताना यंत्र थांबायलाच तयार नाही. चिमटा लावावा, पडावा. शेवटी मी पांघरुणात हात घालून त्याचं बोट धरलं, तर त्यानं माझीच बोटं धरली आणि एकेक दाबायला लागला. ईशा घाबरली, म्हणाली, बाई, हे आकडी वगैरे नाही ना? म्हटलं, भाव विचारतोय. त्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली हात घालून बोटांनी ठरवतात. मी गंमत म्हणून त्याची दोन बोटं दाबली. त्यानं डोळे मिटलेलेच, मान हलवली आणि म्हणाला, "न्हाई परवडत, पावणं." ईशा तोंडावर हात धरून हसत बाहेर गेली. मग चिमटा पायाच्या बोटाला लावला, तिकडं व्यवहार नव्हता.

अभ्यास संपत आला तेव्हा तिनं सांगितलं की बहुतेक सगळे आवाज खोटे निघाले. मी म्हणाले, मग मी काय सांगत होते. त्यावर ती बोलली ते मी आजही शब्दन् शब्द सांगू शकते. "बाई, खोटे आवाज कमी करायचेत. चिमटा नीट लावायचा, किती आकड्याला वाजायचं त्या मर्यादा नीट ठरवायच्या, दाराला कडी लावायची. कान बंद करायचे नाहीत." मी मान डोलावली. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की माझं खरं ठरलं.

नंतर तिची परीक्षा लागली. ती पुण्याला गेली आणि म्हणाली, राहिलेले थोडे पेशंट तुम्हीच बघा, मला तुमची खात्री आहे. ती गेली त्या दुपारी मी यंत्राचा आवाज बंद केला.

त्याच आठवड्यात शालनवहिनी आली.

माझं माहेर महाळुंगे पडवळ. शालनवहिनी ही माझ्या चुलतभावाची, दादाची बायको. अंगानं भरलेली, हसरी, सगळ्या भावकीला हवीशी. तिला पित्ताशयात खडे झाले होते. कुठं ऑपरेशन करायचं, यावर घरात वाद नव्हताच. दादा म्हणाला, सुमी हाये ना तिथं. सुमी म्हणजे मी. तिनंही भरती होताना माझा हात धरून विचारलं, "वन्सं, तुमी बसाल ना जवळ?" म्हटलं, बसते की.

तिची एक गोष्ट सगळ्या भावकीला माहीत होती. ती झोपेत घोरायची. साधं नव्हे. लग्नकार्यात बायका एका खोलीत झोपल्या की तिला भिंतीकडची जागा द्यायचे आणि सकाळी चेष्टा करायचे, की शालन घोरली आन गोठ्यातल्या म्हशी उठल्या. मधेच घोरणं थांबायचं, श्वासच अडकल्यासारखा व्हायचा, मग दचकून पुन्हा सुरू. आम्ही त्यालाही हसत असू. आता सांगते, की असं घोरणाऱ्या माणसाची श्वासाची वाट मुळात अरुंद असते. त्याला भूल द्यायची तर औषध बेतानं द्यावं लागतं आणि नंतर बराच वेळ डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. म्हणून प्रत्येक पेशंटला ऑपरेशनआधी ते विचारतात.

भूलवाल्या डॉक्टरांनीही विचारलं, "मावशी, झोपेत घोरता का?"

खोलीत दादा होता, त्याची मुलगी कविता होती, आणि स्टुलावर बेल्ह्याकडच्या एक बाई बसल्या होत्या. कविताची सोयरीक त्यांच्या मुलाशी ठरत आली होती. सुपारी फुटायची बाकी होती. होणारी विहीण आजारी म्हणून त्या नारळ-फळं घेऊन भेटायला आलेल्या. शालनवहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाली, "नाय बा."

डॉक्टरांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं की ही माझी वहिनी. मी काही बोलले नाही. मनात म्हटलं, ऑपरेशनच्या खोलीत एकटे असताना सांगू. मग तिकडे गेल्यावर ट्रे लावायचा होता, सलाईन लागत नव्हतं, कुणीतरी हाक मारली. सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आले. राहून गेलं नव्हतं. ती भूल देण्याआधी माझ्याकडे बघून हसली, आणि मला वाटलं, जाऊ दे, आपण आहोत ना.

ऑपरेशन छान झालं. शालनवहिनीनं डोळे उघडले, नाव सांगितलं, डोकं उचललं. डॉक्टर थोडा वेळ थांबले. पुढच्या हॉस्पिटलातून दोनदा फोन आल्यावर निघाले. मी तिला कुशीवर केलं, चिमटा लावला. पडद्यावर आकडा चांगला होता. आवाज बंद होता.

आणि ती घोरायला लागली. फळीच्या दारातून ते बाहेर ऐकू जात होतं. विहीणबाईंचा आवाज आला, "कोण वो घोरतंय एवढं? गडीमाणूस हाये का आत?" मागून कुणाचं तरी हसणं. कविता काहीतरी पुटपुटली.

मी उठले. बाहेर आले आणि दार मागे ओढून घेतलं. म्हटलं, शेजारच्या खोलीतला पेशंट आहे. चला, इथं गर्दी नको, तुम्हाला सरांचं ऑफिस दाखवते, चहा सांगते. सगळ्यांना घेऊन जिन्याकडे गेले. वहिनीची लाज झाकली याचं मला बरंही वाटत होतं. चहा येईपर्यंत मी त्यांच्यात उभी राहिले, सोयरिकीचं बोलले, कविताची तारीफ केली. कान इकडेच होता. घोरणं ऐकू येत होतं. मग ऐकू येईनासं झालं. ते मला कळलं. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं, की थांबली एकदाची.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. विचारणाऱ्याला मी वेगवेगळं सांगितलं आहे. दार उघडलं तेव्हा खोलीत अगदी शांत होतं. पडद्यावर लाल आकडा उघडझाप करत होता. तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते.

पुढचं सगळं मी बरोबर केलं. हनुवटी उचलली, अँब्यू लावली, म्हणजे तोंडावर धरून हातानं दाबायची हवेची पिशवी. सरांना हाका मारल्या. नाडी जवळजवळ गेलेली परत आणली. अँब्युलन्समधून पुण्यापर्यंत मीच ती पिशवी दाबत गेले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हात सुजले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी दादाला सांगितलं की या बाईंनी हिंमत केली म्हणून पेशंट इथवर आला.

ती जगली. पण मेंदूला हवा मिळाली नव्हती. घरी आली तेव्हा धरलं तर चालायची, भरवलं तर खायची. कविताला बाई म्हणायची, दादाला पावणं म्हणायची. तीच आजची अवस्था आहे. विहीणबाई एकदा येऊन बघून गेल्या. नंतर त्यांचा निरोपच आला नाही. कविताची सोयरीक बारगळली आणि पुढे तिनं दुसरी बघू दिली नाही.

परीक्षा संपल्यावर ईशाचा फोन आला. तिला बातमी कळली होती. सांत्वनाचं बोलली, मग जरा थांबून म्हणाली, बाई, एकच विचारते, आवाज चालू होता ना?

मी म्हणाले, "हो."

"आणि वाजलं नाही?"

"नाही वाजलं."

यंत्र बिघडलेलं होतं म्हणून वाजलंच नाही, असं तिनं धरलं. तिच्या अभ्यासात ते तसंच गेलं. आमच्या सरांनी ते यंत्र काढून टाकलं, कर्ज काढून नवीन घेतलं. सगळ्यांचं समाधान झालं. डॉक्टर, सर, दादा, सगळ्यांना दोष ठेवायला एक डबा सापडला. एवढ्या खटाटोपात आवाज कोण बंद करतं, दाराबाहेर कोण जातं, घोरण्याविषयी कोण गप्प बसतं, हे कुणी विचारलं नाही, कारण मी विचारण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. संशोधन म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. माणूस का दगावला ते खरं कळावं, म्हणजे पुढचा वाचेल, यासाठी तो सगळा खेळ असतो. त्या सगळ्या नोंदींत एकच खरा आवाज व्हायला हवा होता, आणि तो मी होऊ दिला नाही.

आणि या सगळ्यात मला मान मिळत राहिला. दर भाऊबीजेला मी दादाला ओवाळते. दर वर्षी तो ताटात साडी ठेवून म्हणतो, "सुमे, तू व्हतीस म्हून ही दिसती." शालनवहिनी शेजारी बसलेली असते. निरांजनाच्या वातीकडे बघते. त्या साड्या मी नेसलेल्या नाहीत. कुणाला देऊनही टाकता येत नाहीत.

नोकरी सोडली तेव्हा वाटलं, सुटले. पण घरी बसल्यावर ते जास्तच आठवायला लागलं. गेल्या महिन्यात एका दुपारी मी माहेरी गेले. दादा कांद्याच्या चाळीत सडके कांदे निवडत होता. मी त्याच्यासमोर गोणपाटावर बसले आणि सगळं सांगितलं. घोरण्यापासून फोनपर्यंत. त्याचा हात थांबला नाही. एकेक कांदा दाबून बघत होता.

माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "आवाज आसता तर?"

"मी धावत आले असते."

"मंग?"

"मग वहिनी नीट असती, दादा."

त्यानं हातातला कांदा सडक्यांत टाकला. मी वाट बघत होते की तो शिवी देईल, उठून जाईल, निदान मान वर करील. तो म्हणाला, "कवीला सांग. मी न्हाई सांगायचो तिला. माझ्या तोंडून नको."

कविता ओसरीवर आईला भात भरवत होती. तिलाही सांगितलं. तिनं घास थांबवला नाही. शेवटी आईचं तोंड पदरानं पुसलं आणि म्हणाली, "म्हंजी आईची लाज राखली तुमी, आत्या."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "मला तुमचं रडू नको. त्याचं मी काय करू? तिथं आता आवाज चालू असतो का, तेवढं बघून या."

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. रिकव्हरीचं दार तेच. आत एक नवीन मुलगी ड्यूटीवर होती, मला ओळखत नव्हती. खाटेवर एक बाई झोपलेली. नवा मॉनिटर मोठा, रंगीत. पडद्याच्या कोपऱ्यात घंटेचं चित्र, आणि त्या घंटेवर फुली.

मी विचारलं, आवाज का बंद ठेवलाय?

"नातेवाईक घुसतात ओ काकू. इथं पहिल्यापासून बंदच असतो. आधीच्या एक सिस्टर होत्या, लई हुशार, त्यांनीच शिकवलंय सगळ्यांना, आपण डोळे उघडे ठेवले की झालं म्हणायच्या."

मी म्हणाले, "ती मीच."

ती उठली आणि तिची खुर्ची मला दिली.

मी बसले नाही. तिच्या हातानंच आवाज चालू करायला लावला. शालनवहिनीचं सांगितलं, नाव न घेता. मुलीचा चेहरा उतरला. मग सरांच्या ऑफिसात गेले, त्यांनाही सांगितलं. सर आता थकले आहेत. ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, बाई, एवढ्या वर्षांनी हे उकरून कुणाचं भलं होणार आहे? म्हटलं, खाटेवर जी आहे तिचं. ते म्हणाले, बघतो. मी जिना उतरत होते तेव्हा वर यंत्र वाजायला लागलं. दोन-तीनदा वाजलं आणि गप्प झालं. मी परत वर गेले. बाईनं हात हलवून चिमटा पाडला होता, मुलीनं तो पुन्हा लावला होता, बाई ठीक होती. घंटेवर पुन्हा फुली होती. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, बाहेर ते लोक उठून उभे राहिले हो. मी पुन्हा चालू करायला लावलं.

ईशाला फोन केला. ती आता मोठ्या पदावर आहे. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली की ती जिथं तिचा अभ्यास छापला आहे तिथं कळवेल, जे खोटं गेलं ते दुरुस्त करावं लागेल, त्यात तिचीही नाचक्की आहे, पण ते करावं लागेल. माझ्यावर रागावली नाही. फक्त पूर्वी ती मला बाई म्हणायची, ते या खेपेला एकदाही म्हणाली नाही.

मग माहेरी जाऊन कविताला सांगितलं, की बंदच होता, मी चालू करून आले.

ती म्हणाली, "आन उद्या?"

उद्या तिथं मी नसणार. म्हणून हे लिहून दिलं आहे. तुमचं माणूस ऑपरेशनहून बाहेर आणलं आणि यंत्र वाजलं, तर आत घुसू नका, आतल्या बाईला बघू द्या. यंत्र अजिबातच वाजत नसेल तर मात्र दार वाजवून विचारा, आवाज चालू आहे ना म्हणून. ती चिडेल, चिडू द्या. आणि घोरतं का, असं डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा, स्टुलावर विहीणबाई बसल्या असल्या तरी.

या वर्षी भाऊबीजेला ये किंवा येऊ नको, असं दादानं काही कळवलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

त्या दिवशी निघताना कविता आईचं अंथरूण घालत होती. दुपारचं जरा निजवते तिला. शेजारी स्वतःची वाकळ टाकते. मी म्हटलं, तूही जरा पड, किती ओढतेस. म्हणाली, पडते की. शालनवहिनी लगेच घोरायला लागली, पूर्वीसारखीच. कवितानं डोळे मिटले. मी चप्पल घालत होते तेवढ्यात घोरणं मधेच थांबलं, आणि माझ्याआधी कविता उठून बसली होती, आईच्या हनुवटीला हात लावून.